भोपळ्याची खुर्ची

"तू हात जोडलेस त्यांच्यापुढे. माझ्या डोळ्यांदेखत!"

"जोडले. मग? मी काय गळा धरला होता त्यांचा? हो ते म्हणाले."

"हळू बोल जरा."

"ओरडतेयस तू, ताई. मी हळूच बोलतेय."

ते खरं होतं. ताईचाच आवाज जिन्याच्या भिंतींवर आपटून तळमजल्यापर्यंत जात होता आणि परत येत होता. आग लागली तर पळायला म्हणून बांधलेला हा मागचा जिना. आग कधी लागली नव्हती, त्यामुळे कंपनीतली माणसं इथे रडायला, घरी फोन करायला आणि साहेबांना शिव्या द्यायला येत. आज सकाळपासून तिन्ही कामांना नुसती झुंबड होती. आत्ता कुठे जिना जरा मोकळा मिळाला होता.

"नंबर तुझा होता," ताई म्हणाली.

"होता. आणि माझ्या नावापुढचा भोपळा उचलून मास्तरांच्या नावापुढे कोणी मांडला? मी? गुण तू भरतेस."

धाकटी बहीण असली की हा एक त्रास असतो. तुमची दुखरी नस कुठे आहे ते तिला लहानपणापासून पाठ असतं.

"मी जाते साहेबांकडे," ताई शेवटी म्हणाली. "सांगून टाकते. गुण खोटे आहेत म्हणून."

"जा की. म्हणजे तूही घरी आणि मीही घरी. आई विचारेल, आज दोघी एवढ्या लवकर कशा गं? तेव्हा तूच बोल. मी कपडे वाळत घालीन."

"मास्तरांचं काय मग?"

धाकटीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मला काय माहीत होतं असं होईल? कोणाला माहीत होतं?"

तेही खरंच होतं.

ही कंपनी दुकानांच्या गल्ल्यावर चालणारं सॉफ्टवेअर बनवायची. आपण सामान गल्ल्यावर ठेवतो, मशीन पीं करतं, बिल निघतं. त्या पीं आणि बिलाच्या मधलं जे काही असतं, ते ही माणसं लिहायची. आणि ताईच्या टीमचं काम होतं ते तपासायचं. गिऱ्हाइकाच्या हातात पडण्याआधी ते बिघडवून बघायचं. त्यासाठी दुसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत खोटं दुकान मांडलेलं होतं. एक गल्ला, एक फळी आणि फळीवर साबण, चहाची पाकिटं, खिळ्यांचा डबा, बिस्किटांचे पुडे. हजारदा मशीनखालून गेल्यामुळे साबणाच्या वेष्टनावरच्या रेघा पुसट झाल्या होत्या. बिस्किटं कोणाच्या पोटात जाण्याच्या वयाची राहिली नव्हती. सगळी कंपनी त्या खोलीला 'दुकान' म्हणायची.

ताईला हे काम रक्तातूनच आलेलं. तिचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओ उघडण्याआधी ते त्याला कान लावून बसत, वैद्याने नाडी धरावी तसे. "आधी ऐक," ते म्हणत, "पेचकस नंतर." घरात दोघी बहिणी, मध्ये बारा वर्षांचं अंतर. वडील गेले तेव्हा धाकटीच्या वेण्या घालायचं, तिला शाळेत सोडायचं, तिच्या बाईंची बोलणी खायचं काम ताईकडे आलं आणि तिच्याकडेच राहिलं. लग्नाचं बघू बघू म्हणता ते बघायचं राहून गेलं. पुढे धाकटीला नोकरी लागेना, तेव्हा ताईनेच शब्द टाकून तिला दुकानात आणलं. धाकटी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर "ताई, डबा कुठे ठेवू?" म्हणाली आणि त्या दिवसापासून ती अख्ख्या कंपनीची ताई झाली. साहेबसुद्धा ताईच म्हणायला लागले.

साहेबांचंही सांगायला हवं. कंपनी त्यांनी उभी केली. सुरुवातीच्या काळात ते बाह्या सरसावून दुकानात येत, गल्ल्याखाली आडवे होऊन वायरी जोडत आणि सगळ्यांबरोबर डबा खात. मग कंपनी वाढली, साहेब वरच्या मजल्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये गेले आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकायला लागले. भिंतीवरची वाक्यं बदलू लागली. आधी 'गिऱ्हाईक हाच राजा', मग 'आपण एक कुटुंब', मग 'झेप'. नुसतंच 'झेप'. दुकानातला बडबड्या, ज्याचं तोंड झोपेतही बंद नसावं असा सगळ्यांना संशय होता, तो म्हणाला होता, "कुठून कुठे ते नाही लिहिलं, ते बरंय. आठव्या मजल्याची गच्ची उघडीच असते."

एकदा साहेब कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आले आणि नवा नियम आला. दर सहामाहीला प्रत्येक टीमने आपल्या माणसांना गुण द्यायचे, आणि कोणीतरी एक जण तळाला असलाच पाहिजे. "सगळेच चांगले असं नसतं," साहेब म्हणाले. "तळाचा माणूस दिसत नसेल तर प्रमुखाचे डोळे मिटलेले आहेत."

पहिल्या वेळी ताईने डोळे उघडे ठेवून गुण दिले. जिला तळ मिळाला ती बाई त्या मागच्या जिन्यात जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. पुढच्याच महिन्यात तिने नोकरी सोडली.

मग ताईने युक्ती काढली. दुकानाचं दार लावून घेतलं आणि टीमला म्हणाली, "भोपळा कोणाला तरी द्यावाच लागणार. आपण आळीपाळीने घेऊ. या सहामाहीत तुझा, पुढच्या वेळी त्याचा. कोणी चांगला नाही, कोणी वाईट नाही. नंबर लागला की घ्यायचा."

"आणि ज्याचा नंबर त्याला काय मिळणार?" बडबड्याने विचारलं. "नुसतीच बेअब्रू?"

तेव्हा खुर्चीचं ठरलं. दुकानात एकच खुर्ची धड होती. पाठ टेकली तर मागे न पडणारी, खिडकीजवळची, जिथून खालचं पार्किंग आणि त्यापलीकडचं एक झाड दिसे. ज्याच्या नावावर भोपळा, त्याला सहा महिने ती खुर्ची. शिवाय सुट्टी पहिल्यांदा त्याने मागायची आणि सगळ्यात कंटाळवाण्या तपासण्या बाकीच्यांनी वाटून घ्यायच्या. पहिल्या भोपळ्याला त्यांनी केक आणला. पुढे तो रिवाजच पडला. नवीन माणूस आला की दुसऱ्याच आठवड्यात विचारायचा, "माझा भोपळा कधी?"

साहेबांच्या तोंडाला पानं पुसली म्हणून दुकान खूश होतं. त्याहून खूश ताई होती. बाकीच्या टीममधली माणसं एकमेकांकडे मांजरांसारखी बघत. तिच्या टीममध्ये कोणी रडत नव्हतं.

मास्तर आले ते या रिवाजात दुधात साखरेसारखे मिसळून गेले. ते आधी शाळेत शिकवायचे. शाळा बंद पडली, मग पन्नाशीच्या तोंडावर हे काम शिकले. काहीही सांगताना अजून हवेत खडू धरत. एका तपासणीला इतरांच्या दुप्पट वेळ लावत, पण मास्तरांनी पाहिलं म्हणजे पाहिलं. त्यांनी 'ठीक आहे' असं लिहिलेलं कधी कोणी पुन्हा उघडलं नाही.

धाकटीचं तसं नव्हतं. तिचा जीव चित्रांत. तपासणीच्या कागदाच्या मागे ती माणसांची नाकं काढत बसे, आणि हुबेहूब काढे. ज्या तपासण्या करायच्या त्यातल्या निम्म्या ती न करताच 'ठीक आहे' म्हणून खूण मारून टाकी. हे फक्त ताईला माहीत होतं. धाकटी डबा धुवायला गेली की ताई तिच्या जागेवर बसून त्या तपासण्या गुपचूप पुन्हा करून टाकायची. लहानपणी तिचा गृहपाठ करायची तसाच.

मग साहेबांच्या डोक्यात बोलता गल्ला आला. गिऱ्हाइकाने मशीनशी बोलायचं, मशीनने बिल करायचं. दुकानदारांना तो नको होता. बायको सांगते ते ऐकू येत नाही, मशीनचं कुठे ऐकू, असं एका दुकानदाराने तोंडावर सांगितलं होतं. पण साहेबांनी ऐकलं नाही. तो दुकानात तपासायला आला तेव्हा मास्तर दिवसभर त्याच्यापुढे उभे राहून साबण मागत होते. आणि दोष त्यांनाच सापडला. शेजारी दोन माणसं एकदम बोलली की एकाचं सामान दुसऱ्याच्या बिलात जात होतं. ताईने तो दोष वर कळवला. वरून उत्तर आलं, तारीख जाहीर झाली आहे. ती स्वतः साहेबांना भेटली. "ताई, नकारात्मक होऊ नका," साहेब म्हणाले.

गल्ला बाजारात गेला. गर्दीच्या वेळी माणसं एकदम बोलतात, हे साहेबांना सोडून सगळ्या जगाला ठाऊक होतं. दुकानांत भांडणं झाली. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, ज्याची गावोगाव दुकानं होती, ते सोडून गेलं, आणि त्याच्यामागे बाकीची रांगेने गेली. मग कंपनीतलं चहाचं मशीन गेलं, लिफ्ट एका दिवसाआड चालू लागली, आणि 'झेप'मधला 'प' गळून पडला तो कोणी परत लावला नाही.

याच पडत्या काळात धाकटीच्या भोपळ्याचा नंबर आला. तिला पडद्यावरची चित्रं काढणाऱ्या टीममध्ये जायचं होतं. तिथे जागा निघाली होती आणि तळाचे गुण असलेल्याला ते घेत नसत. ती मास्तरांपुढे हात जोडून उभी राहिली. "या वेळी तुम्ही घ्या ना, पुढचे दोन मी घेते."

मास्तर हसले. "जा पोरी, चित्रं काढ. माझी पाठ नाहीतरी धरलीय. मला ती खुर्ची मिळू दे."

ताईने बदल करून टाकला. बहिणीचं भलं होतंय आणि मास्तरांच्या पाठीचंही, असं तिला वाटलं. धाकटीची बदली मात्र आज-उद्या करत लांबतच राहिली.

आणि आज सकाळी साहेबांनी सगळ्यांना खालच्या मोठ्या खोलीत उभं केलं. खुर्च्या आधीच विकून टाकल्या होत्या. साहेबांचा आवाज छान होता, तसा नेहमीच असायचा. अवघड निर्णय, म्हणाले. जड अंतःकरणाने, म्हणाले. चित्रांची टीम पूर्ण बंद. बाकी प्रत्येक टीममधून एक जण कमी. ज्याचे गुण तळाला, तो. "कोणाचीही मर्जी नाही, वशिला नाही," साहेब म्हणाले. "गुण तुम्हीच एकमेकांना दिलेले आहेत."

मागून बडबड्या पुटपुटला, "चोर सोडून संन्याशाला फाशी." एरवी लोक हसले असते.

*

"या ताई. बसा. पाणी घेणार?"

साहेब वाईट दिसत नव्हते, हीच पंचाईत होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. केबिनच्या कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड होतं आणि त्याच्या पानांवर खरी धूळ होती.

ताई बसली नाही. "साहेब, आमच्या टीमचे गुण खोटे आहेत."

"सगळे?"

"तळाचे. आम्ही ते आळीपाळीने घेतो. मी सुरू केलं ते. मास्तरांचा तर या वेळी नंबरही नव्हता. तुम्ही त्यांना ज्या गुणांवर काढताय, त्यांना काही अर्थच नाही."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"दर सहामाहीला नवं नाव तळाला, आणि मागचा माणूस पुन्हा वर. एवढं न कळायला मी काय बालवाडीत आहे? शिवाय ती खुर्ची." ते थोडं हसले. "खिडकीतली. गाडी लावताना खालून दिसते मला. वर बघायचो मी, या वेळी कोण बसलंय."

ताईने आता खुर्चीच्या पाठीला धरलं.

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"कशाला बोलू? बाकीच्या टीममध्ये दर वेळी रडारड, राजीनामे, माझ्या दारात रांग. तुमच्याकडे शांतता. मला एक नाव हवं असायचं, तुम्ही ते हसत हसत द्यायचात. मी मीटिंगमध्ये तुमचं उदाहरण दिलेलं आठवत नाही?"

आठवत होतं. टाळ्या वाजल्या होत्या. दुकानात परत येऊन त्यांनी एकमेकांना टाळ्या दिल्या होत्या, साहेबांना कसं बनवलं म्हणून.

"साहेब, बोलत्या गल्ल्याचा दोष मास्तरांनी शोधला होता. मी तुम्हाला इथेच उभी राहून सांगितलं होतं. ते ऐकलं असतंत तर आज—"

"तारीख जाहीर झाली होती, ताई."

"हो. तेव्हाही हेच म्हणालात."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली आणि आवाज मऊ केला. गल्ल्याखाली आडवं होऊन वायरी जोडायचे तेव्हाचा हा आवाज होता, आणि म्हणूनच ताईला त्याची भीती वाटली.

"बरं. मास्तर नकोत? नाव अजून पुढे गेलेलं नाही. बदलू. तुम्ही खरं सांगायला आलात ना? मग सांगा. तुमच्या माणसांत खरोखर सगळ्यात कच्चं कोण आहे?"

"माझं नाव घाला."

"प्रमुखाचं नाही घालता येत. तुम्ही गेलात तर दुकान चालवणार कोण? सगळं दुकानच बंद करणं मग मला सोपं पडेल. तसं हवंय?"

ताईने खुर्चीची पाठ सोडली.

"एवढी वर्षं रोज बघताय त्यांचं काम. तुम्हाला माहीत नसेल असं होणार नाही."

माहीत होतं. लख्ख माहीत होतं. दोष सापडला की तो जसा आहे तसा सांगायचा, न वाढवता, न लपवता, एवढाच तिचा धंदा होता. जिभेच्या टोकावर नाव होतं. दोन वेण्या घातलेलं, दप्तर ओढत चालणारं नाव. चित्रांची टीम बंद झाली होती. दुसरीकडे कुठे तिला कोण घेणार होतं? आणि तिच्या तपासण्या दुसऱ्या कंपनीत पुन्हा कोण करणार होतं? साहेबांच्या टेबलावर मनगटी घड्याळ काढून ठेवलेलं होतं. त्याची टिकटिक ऐकू येत होती. आधी ऐक, वडील म्हणायचे.

"मग आहे तेच नाव राहू दे?" साहेबांनी विचारलं.

ताई प्लास्टिकच्या झाडाकडे बघत होती.

"मान हललेली दिसली नाही मला, ताई. तेवढं करावं लागेल."

तिने मान हलवली.

*

जिन्यात बराच वेळ थांबून ती दुकानात आली तेव्हा एचआरच्या बाई येऊन गेल्या होत्या. मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून आपला चष्म्याचा डबा, रुमाल आणि पाठदुखीची गरम पाण्याची पिशवी एका कापडी पिशवीत भरत होते. बडबड्या त्यांच्यासमोर स्टुलावर गप्प बसला होता. तो गप्प बसलेला बघूनच कळत होतं की कोणीतरी गेलं आहे. धाकटी फळीपाशी पाठ करून उभी होती आणि उगाचच साबण मशीनखालून नेत होती. पीं. पीं.

"आलात?" मास्तर म्हणाले. "वर गेला होतात म्हणे माझ्यासाठी. कशाला तोंडाची वाफ दवडलीत?"

ताईने पर्स टेबलावर ठेवली.

"खुर्ची छान आहे हो पण," मास्तर म्हणाले. "चार महिन्यांत पाठ बरीच सुधारली. घरी अशीच घ्यावी म्हणत होतो." त्यांनी पिशवीचे बंद बांधले, सोडले, पुन्हा बांधले. "ताई, एक विचारू? रागावू नका."

"विचारा ना, मास्तर."

"हे आपलं आळीपाळीचं नसतं. समजा तुम्ही खरे गुण दिले असते." त्यांची बोटं हवेत अडकली, खडू धरल्यासारखी. "तर मी तळाला असतो का? म्हणजे मी हळू आहे, ते मला माहीत आहे. मुलगी विचारेल घरी. 'बाबा, तुम्हालाच का?' तिला काय सांगायचं, तेवढंच."

पीं थांबलं.

बडबड्याने मान वर केली. धाकटीच्या हातात साबण तसाच राहिला. आजवर दुकानात सगळं विचारून झालं होतं, हे एक कोणी कोणाला विचारलं नव्हतं. विचारायचं नाही म्हणूनच तर ती खुर्ची होती.

"नाही, मास्तर," ताई म्हणाली. "तुम्ही तळाला नसता. तळाच्या जवळसुद्धा नसता."

"नक्की?"

"नक्की."

मास्तरांनी मोठा श्वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर थोडं काहीतरी परत आलं. "बरं झालं," ते म्हणाले. "तेवढं सांगता येईल." पण ते वाक्य संपता संपता त्यांना पुढचं कळलं असावं, कारण त्यांनी ताईकडे बघितलं, मग तिच्या खांद्यावरून फळीकडे, आणि लगेच नजर काढून पिशवीकडे नेली. गाठ पुन्हा सोडायला लागले.

"मग कोण असतं?"

धाकटीने वळून विचारलं होतं. आवाज जिन्यातल्यासारखा चढा नव्हता. लहानपणी शाळेच्या दारात उभी राहून, तू मला घ्यायला येशील ना, असं विचारायची, तेवढा होता.

"ताई? मास्तर नसते, तर कोण असतं तळाला?"

बडबड्या उठला आणि खिडकी बंद करायला गेला. ती बंदच होती.

"तू वर कोणाचं नाव दिलंस? ताई, मी काय विचारतेय?"

ताईने टेबलावरची आपली पर्स उचलली. मास्तरांच्या खुर्चीला बाजूने जायला जागा कमी होती. त्यांनी पाय आत घेतले, तिने पदर सावरला. दुकानाचं दार नेहमीप्रमाणे अडकलं, तिने ते खांद्याने ढकललं, आणि धाकटीचा आवाज मागे ठेवून ती जिन्याच्या बाजूला चालू लागली.